सेटिंगवाले काका

ज्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून आणि गणपतीच्या वर्गणीवरून भांडणं होतात, त्या प्रत्येक सोसायटीत एक सेटिंगवाले काका असतातच. डोंबिवलीत असतात, धायरीत असतात, नाशिकच्या इंदिरानगरात असतात. कमिटीवर त्यांना कुणी घेत नाही, कारण सर्वसाधारण सभेत ते इतिवृत्तावर न बोलता इतिवृत्त कुठल्या फाँटमध्ये टाइप केलंय यावर बोलतात. पण पासवर्ड हरवला की चेअरमनसुद्धा चपला पायात सरकवून त्यांच्या दारात येऊन उभा राहतो आणि आवाज मऊ करून विचारतो, "काका, झोपला नव्हतात ना?"

काका कधीच झोपलेले नसतात.

हरवला म्हणजे काय झालेलं असतं? कधीतरी ब्राउझरने विचारलेलं असतं, "पासवर्ड सेव्ह करू का?" माणसाने "कर बाबा एकदाचा" म्हणून बटण दाबलेलं असतं. तेव्हापासून तो पासवर्ड त्याने हाताने कधी टाइप केलेला नसतो. साइट उघडली की काळे ठिपके आपोआप येऊन बसतात आणि माणूस आत जातो. ठिपक्यांच्या मागे काय आहे, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी त्याने यंत्रावर टाकलेली असते. मग एक दिवस मुलगा "बाबा, तुमचा पीसी फार स्लो झालाय" म्हणत सगळा कचरा साफ करतो आणि त्या साफसफाईत ठिपकेही जातात. रिकाम्या चौकटीत उभी रेघ तेवढी लुकलुकत राहते. महिना जुलैचा, रिटर्न भरायचं राहिलेलं, ३१ तारीख दोन दिवसांवर. अशा वेळी देव आठवायच्या आधी काका आठवतात.

काकांचं काम खरं म्हणजे दोन मिनिटांचं. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबायचे, पासवर्ड मॅनेजर उघडायचा, साइटचं नाव शोधायचं, विंडोजचा पिन द्यायचा आणि डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारायची. संपलं. हे काकांना पक्कं ठाऊक आहे. पण दोन मिनिटांत सुटलेल्या प्रश्नाला कुणी चहासुद्धा विचारत नाही, हेही त्यांना तितकंच पक्कं ठाऊक आहे. हे ज्ञान त्यांनी टेलिफोन खात्यात मिळवलं. फोन डेड झाला म्हणून गेलेल्या लाइनमनने घरातली सैल वायर जागच्या जागी घट्ट केली, तर लोक म्हणत, "एवढंच होतं होय? आम्हीच केलं असतं." तोच लाइनमन आधी कोपऱ्यावरच्या खांबावर चढला, वर पाच मिनिटं इकडेतिकडे बघून उतरला आणि मग वायर घट्ट केली, तर त्याला कोकम सरबत मिळे आणि दिवाळीला पोस्त. काका निवृत्त झाले, खांब गेले, पण आधी चढायचं आणि मग वायरीला हात लावायचा, हा नियम त्यांनी सोडला नाही.

त्यामुळे ते आले की आधी खुर्ची बदलली जाते. मग पडदा ओढला जातो, कारण स्क्रीनवर उजेड येतो. किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह निघतो आणि टेबलावर ठेवला जातो. पाऊचमधून भिंग निघतं. भिंगाचा उपयोग होताना कुणी पाहिलेलं नाही. मात्र भिंग बाहेर आलं की घरातली माणसं बोलायची थांबतात. मग वैद्याने नाडीवर बोटं ठेवावीत तसा काका माऊसवर हात ठेवतात, काहीही क्लिक न करता क्षणभर थांबतात आणि प्रश्नोत्तरं सुरू होतात.

"कशात सेव्ह केला होता?"

"गूगलमध्ये."

"गूगल ही कंपनी आहे. ब्राउझर कुठला?"

"तो निळा ई असतो तो."

"साधा ई, की लाटेसारखा वळलेला?"

आता घरात मतभेद होतात. साहेब म्हणतात साधा, वहिनी म्हणतात वळलेला, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडतं की आपल्याकडे कोल्हा होता. काकांना हे अपेक्षितच असतं. घर दोन खोल्यांचं आणि ब्राउझर तीन, ही आजकालची रीत आहे असं ते सांगतात. कोल्हा म्हणजे फायरफॉक्स, वळलेला ई म्हणजे एज आणि साधा ई म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर. जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने या एक्सप्लोररला निरोप दिला, तेव्हा सोसायटीत फक्त काकांना वाईट वाटलं. कारण त्याचे पासवर्ड ब्राउझरमध्ये दिसतच नसत. शेवटच्या आवृत्त्यांत ते कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजर नावाच्या कप्प्यात जाऊन बसत, आणि त्या कप्प्यात जाणारा माणूस गल्लीत दुसरा नव्हता. क्रोमने सगळं तीन ठिपक्यांत आणून ठेवलं, याला काका प्रगती म्हणत नाहीत. "पोरखेळ करून टाकला," म्हणतात.

चहा येतो. बशीत खारी असेल तर काम पुढे सरकतं. यादी उघडते, साइट सापडते, तिच्यावर टिचकी पडते आणि खिडकी विचारते : विंडोजचा पिन द्या.

"पिन सांगा साहेब. म्हणजे मला नका सांगू, तुम्हीच टाका."

साहेब आत जाऊन कपाटातून लिफाफा घेऊन येतात.

"हा कुठला?"

"बँकेने पोस्टाने पाठवलेला."

"तो एटीएमचा. हा कॉम्प्युटरचा वेगळा."

"कॉम्प्युटरला कशाला हवाय? मी काय त्यातून पैसे काढतोय?"

इथे काका डोळे मिटून घेतात. त्यांच्या कामातला कठीण भाग हाच. विंडोजचा पिन शेवटी नातवाने बसवलेला असतो आणि नातू क्लासला गेलेला असतो. तो येईपर्यंत वेळ काढायला काका आपला हातखंडा प्रयोग करून दाखवतात. एखाद्या साइटवर ठिपके भरलेली चौकट असली, की तिच्यावर उजवी टिचकी मारायची आणि इन्स्पेक्ट म्हणायचं. बाजूला सगळी लिपी उलगडते. तिथे टाइप म्हणून जिथे पासवर्ड लिहिलेलं असतं, तिथे टेक्स्ट लिहायचं आणि एंटर मारायचं. ठिपक्यांची अक्षरं होतात. पोरं टाळ्या वाजवतात आणि आजी घाबरून विचारतात, "म्हणजे हे सगळ्यांना दिसतं?" काका सावकाश म्हणतात, "ज्याला दिसायचं त्याला दिसतं." या वाक्याने त्या रात्री त्या घरात कुणाला धड झोप लागत नाही.

पासवर्ड उघडला की मात्र काका तोंड फिरवतात. परक्याचा पासवर्ड वाचायचा नाही, हे त्यांचं व्रत आहे. ते भिंतीकडे बघत बसतात. भिंतीला शोकेस असते आणि शोकेसला काच असते, हा घराच्या रचनेचा दोष. त्याला काका काय करणार?

एकदा दुसऱ्या मजल्यावर असाच डोळा दाबला गेला आणि साहेबांचा पासवर्ड सगळ्या कुटुंबादेखत उघडा पडला. मधुबाला, त्यापुढे अ‍ॅट, त्यापुढे १९६०. वहिनींनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि वहिनींचं नाव मधुबाला नव्हतं. साहेब म्हणाले, "मुघल-ए-आझमचं साल आहे ते. इतिहास म्हणून लक्षात राहतं." वहिनी म्हणाल्या, "इतिहासच म्हणायचा." काकांनी शोकेसमधल्या सुपारीच्या गणपतीवरची नजर हलवली नाही. बाहेर कुठे अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये साहेब भेटले तेव्हा ते एवढंच बोलले, "रंगीत करून पुन्हा लावला होता म्हणे थिएटरला, २००४ साली." साहेब एक मजला आधीच उतरले.

सोसायटीतल्या लोकांनी काय काय जपून ठेवलंय हे काकांना असं शोकेसच्या काचेतून कळत गेलं आहे. कुणाचा पासवर्ड गावाच्या नावाचा, कुणाचा विकून टाकलेल्या स्कूटरच्या नंबरचा. खडूस म्हणून प्रसिद्ध असलेल्या सेक्रेटरीचा तर मेलेल्या कुत्र्याच्या नावाचा निघाला, तेव्हापासून काका त्यांच्याशी मेंटेनन्सवरून वाद घालत नाहीत. आणि निम्म्या सोसायटीचा १२३४५६. तो निघाला की काकांचा चेहरा पडतो. एवढा खांब चढून हाती काय, तर १२३४५६. जगभरच्या याद्यांमध्ये हाच आकडा वर्षानुवर्षं अगदी वरती असतो, हे ते सांगतात, पण त्या सांगण्यात अभिमान नसतो.

नातू क्लासहून लवकर आला नाही तर इतिहास सुरू होतो. कॉम्प्युटरला पासवर्ड पहिल्यांदा लावला गेला तो अमेरिकेत, एमआयटीमध्ये, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. फर्नांडो कोर्बातो नावाच्या प्राध्यापकाच्या हाताखाली एकाच यंत्रावर अनेकांनी पाळीपाळीने काम करण्याची व्यवस्था झाली, तेव्हा ज्याची त्याची फाइल ज्याला त्याला मिळावी म्हणून. आणि १९६२मध्ये अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्या वाट्याचे आठवड्याचे चार तास पुरेनात म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर बसू लागला. "म्हणजे कुलूप आलं आणि पाठोपाठ चोर आला," असं म्हणून काका खारीचा शेवटचा तुकडा चहात बुडवतात.

बँकेतून निवृत्त झालेले शेजारी तिथे असले तर काका बिल बर यांचंही नाव काढतात. पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि दर काही महिन्यांनी बदलायला हवा, हा जो छळ आहे, त्याचं मूळ या गृहस्थांनी २००३ साली अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये आहे. २०१७ साली त्यांनी स्वतःच सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. "निवृत्तीनंतर झाला बरं का पश्चात्ताप," काका शेजाऱ्यांकडे बघून म्हणतात. "काहींना निवृत्तीनंतरही होत नाही."

हे सगळं ऐकून काका नुसते बोलघेवडे आहेत असं कुणाला वाटेल. पण त्यांचं वजन कशात आहे हे त्यांच्या नकारात कळतं. एकदा एक वडील दाराशी आले. मुलगा कॉलेजात, लॅपटॉप त्याचा, पण मुलगा गावाला गेलेला. "त्याचे सेव्ह केलेले पासवर्ड तेवढे काढून द्या, काका. बापच आहे मी." काकांनी दार पुरतं उघडलं नाही. "बाप आहात ते खरं. पण मुलगा एकवीस वर्षांचा आहे, आणि आयटी कायद्याचं कलम ६६ क म्हणून एक आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, वर लाखापर्यंत दंड. त्यापेक्षा मुलाला फोन करा. फुकट आहे." मग इंटरनेटवरून पासवर्ड काढून देणारं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतो, असं ते गृहस्थ म्हणाले. तेव्हा काका जिना उतरून त्यांच्यामागे गेले. असल्या फुकट सॉफ्टवेअरांपैकी बरीचशी पासवर्ड काढतात हे खरं, फक्त ते तुम्हाला न दाखवता मालकाला पाठवून देतात, हे त्यांनी खाली पार्किंगमध्ये उभं राहून समजावलं. चहाशिवाय, खुर्चीशिवाय, भिंगाशिवाय. सोसायटीच्या माहितीप्रमाणे काकांनी प्रस्तावनेशिवाय सांगितलेली ही एकमेव गोष्ट.

काकांचा जन्माचा वैरी एकच : फॉरमॅट मारणारा मुलगा. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान असतं, बाहेर बोर्डावर प्रिंटर रिफिलिंगपासून पॅनकार्डापर्यंत सगळं लिहिलेलं असतं, आणि यंत्राला काहीही झालं तरी त्याच्याकडे औषध एकच. "फॉरमॅट मारावा लागेल." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पीसी त्याने असाच मारला. काकूंचे मिस्टर गेल्यापासून वीजबिलापासून टॅक्सपर्यंत सगळं त्याच यंत्रावर, आणि मुलगा न्यू जर्सीत. पासवर्ड सगळे क्रोममध्ये. काकांनी दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर.

"डेटा घेतला होतास का?"

"घेतला ना काका. फोटो, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप. सगळं."

"अ‍ॅपडेटा फोल्डर?"

"ते काय असतं?"

काकांनी फोन ठेवला आणि काकूंना खुर्चीवर बसायला सांगितलं. हे त्यांनी समजावलं ते नेहमीचा रुबाब बाजूला ठेवून. क्रोम पासवर्ड उघडे ठेवत नाही. लॉगिन डेटा नावाच्या फाइलीत कुलूपबंद करून ठेवतो. किल्ली असते लोकल स्टेट नावाच्या दुसऱ्या फाइलीत, आणि त्या किल्लीलाही विंडोजचं कुलूप असतं, ते तुमच्या स्वतःच्या लॉगिनशी बांधलेलं. या फायली ज्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असतात तो विंडोज मुद्दाम लपवून ठेवतं, म्हणून दुकानदारांना दिसत नाही. आणि दिसला असता, पेनड्राइव्हवर घेतला असता, तरी नव्या विंडोजमध्ये ती किल्ली चालली नसती. एवढंच कशाला, फॉरमॅट न मारता नुसता कुणी बाहेरून विंडोजचा पासवर्ड जबरदस्तीने रीसेट केला, तरी बऱ्याचदा हेच होतं. जुना देऊन नवा ठेवला तर विंडोज किल्ली नव्याने बांधून देतं. जबरदस्ती केली तर देत नाही. "कोल्ह्याचं असतं तर दोन फायली सोबत उचलल्या की दुसरीकडे चालतं. क्रोमचं तसं नाही, वहिनी. गेले म्हणायचे."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. पासवर्ड मिस्टरांनी ठेवलेले होते. काही भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेही होते, पण कालनिर्णय जानेवारीत बदलतं आणि जुनं रद्दीत जातं. घरात शांतता पसरली. काकांनी भिंग पाऊचमध्ये ठेवलं.

तेवढ्यात शेजारची सातवीतली मुलगी, जी इतका वेळ काकूंच्या फोनवर गेम खेळत होती, म्हणाली, "आजी, हे काय, तुझ्या फोनमध्ये आहेत की सगळे." तिने सेटिंग उघडून दाखवलं. काकूंच्या मिस्टरांनी एकच गूगल खातं पीसीवर आणि फोनवर, दोन्हीकडे लावून दिलं होतं आणि सिंक चालू ठेवलं होतं. पीसीवर सेव्ह झालेला प्रत्येक पासवर्ड खात्यातही जात होता. वीजबिल होतं, टॅक्स होता, गॅस होता, पंढरपूरच्या भक्तनिवासाचं बुकिंगही होतं.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. काका खुर्चीत जरा मागे रेलले आणि मुलीला म्हणाले, "शाब्बास. मी आता त्याच्यावरच येत होतो. आधी लोकल नाकारायचं आणि मग सिंककडे वळायचं, असा क्रम असतो. तू क्रम चुकवलास, पण उत्तर बरोबर आहे." मुलीला वाटलं आपले दोन मार्क गेले. काकूंनी त्या दिवशी शिरा केला आणि पहिली वाटी काकांना दिली. काकांनी ती घेतली, यात अन्याय झाला असं मुलीच्या आईला वाटतं. मला तसं वाटत नाही. मुलीने पासवर्ड शोधला, पण काकूंना तासभर धीर देत, त्यांच्या घरात काय गेलं आणि का गेलं हे कुणी माणसासारखं सांगितलं? न्यू जर्सीच्या मुलानेही व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली होती. दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत करणारे खूप आहेत. तेवढ्या कामासाठी पडदा ओढून, खुर्ची मांडून बसणारा एकटाच असतो, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला बऱ्याचदा पासवर्डापेक्षा त्या खुर्चीत बसलेल्याची गरज असते. काकांना हे कळतं की नाही, सांगता येत नाही. त्यांना विचारलं तर ते सिंकबद्दल बोलतील.

हल्ली मात्र काकांवर संकट आलं आहे, त्याचं नाव पासकी. २०२२च्या मे महिन्यात अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून जाहीर केलं, की ही पद्धत सगळीकडे चालेल असं आम्ही करतो. पुढच्या वर्षी गूगलने लोकांना आपणहून तीच सुचवायला सुरुवात केली. पासवर्डच नाही. फोनवर अंगठा टेकवायचा, किंवा चेहरा दाखवायचा, की आत. लक्षात ठेवायला काही नाही, म्हणजे विसरायला काही नाही, म्हणजे काढून द्यायलाही काही नाही. ही बातमी वाचून चेअरमन मुद्दाम काकांच्या घरी गेले. चेहऱ्यावर सहानुभूती होती, पण आतून बरं वाटत होतं. फाँटचा विषय त्यांच्या मनात होता.

"काका, आता तुमचं कसं? नुसता अंगठा लावला की झालं म्हणे."

काका वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "चेअरमनसाहेब, अंगठा दाखवा बघू तुमचा."

चेअरमननी दाखवला. काकांनी पाऊचमधून भिंग काढलं आणि या खेपेला खरोखरच त्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रेषा झिजल्यात. साठीनंतर होतं असं. अर्ध्या वेळी घेणार नाही हा."

"मग?" चेअरमनचा आवाज मऊ झाला.

"असते, त्यालाही एक सेटिंग असते," काका म्हणाले. "पण ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी येतो. वहिनी असतील ना घरी?"